पंचेचाळीस अंशांचा हट्ट

कॉलेजच्या फिजिक्स लॅबचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याच्यापुढे एक लोखंडी गोळा ठेवलेला असे. चार किलोचा, गंजून तांबूस झालेला. तो तिथे कुठून आला हे लॅब सांभाळणाऱ्या ताई सोडल्या तर कुणाला ठाऊक नव्हतं. ताईंनी कधी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

ताई शेहेचाळीस वर्षांच्या, रुंद खांद्यांच्या, भराभर चालणाऱ्या. भिंगं, लोलक, तारा, सगळं त्यांना डोळे मिटून सापडे. विसाव्या वर्षापर्यंत त्या गोळाफेक करत. अकरा मीटर चाळीस ही त्यांची सर्वांत लांब फेक. त्यानंतरच्या आठवड्यात मोठ्या स्पर्धेची निवड होती आणि वडील अचानक गेले. घरात दोन लहान भावंडं. ताई याच कॉलेजात झाडलोटीला लागल्या, पुढे परीक्षा देऊन लॅबमध्ये आल्या. मैदान सुटलं ते सुटलंच; गोळा तेवढा लॅबच्या दारापाशी उरला. त्याचं रडगाणं त्यांनी कधी गायलं नाही. फक्त मैदानावर कुणी वेडंवाकडं फेकताना दिसलं की त्या खिडकी लावून घेत.

त्या वर्षी विज्ञान स्पर्धेला विषय आला : एखाद्या खेळामागचं भौतिकशास्त्र, पाच मिनिटांचा व्हिडिओ. बारावीतल्या दोघांनी नाव दिलं. एक कॅप्टन. तो कुठल्याच संघाचा कॅप्टन नव्हता, पण हुकूम सोडायची हौस दांडगी, म्हणून हे नाव पडलेलं. दुसरी चष्मी, जाड काचांची, मोजकं बोलणारी. चित्रीकरण तिच्याकडे. चेंडूचे खेळ सगळेच घेणार, म्हणून यांनी गोळाफेक निवडली.

घोडं अडलं ते फेकण्यापाशी. लॅबच्या दारातला गोळा मैदानावर नेऊन कॅप्टनने अंगातला सगळा जोर लावला आणि गोळा चार मीटरवर धप्पकन पडला. चष्मीने फेकला तो तिच्याच पायावर पडायचा राहिला.

"आण इकडे," खिडकीतून बघणाऱ्या ताईंना राहवेना.

मैदानावर व्हॉलीबॉलच्या खांबाला तिरकी दोरी बांधून कॅप्टनने कोनाची खूण केली होती. "ताई, गोळा बरोबर या दोरीच्या रेषेत गेला पाहिजे. पंचेचाळीस अंशांत फेकलं की सगळ्यात लांब जातं."

"फार वर होतंय ते. गोळा इतका वर नाही फेकत कुणी."

"पुस्तकात आहे, ताई."

ताईंनी जिभेवर आलेलं गिळलं आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे फेकला. सहा मीटर नव्वद.

"अजून जोर लावा ना!"

पाच वेळा जोर लावला. सहा नव्वदच्या पुढे गोळा काही सरकेना. सहाव्या वेळी मात्र ताईंनी दोरीकडे बघितलंच नाही. गोळा मानेला टेकवला, गुडघ्यात वाकल्या आणि पूर्वी टाकत तसा टाकला. आठ मीटर दहा.

स्वतःच्याच अंगातून आलेला तो हुंकार ऐकून त्या क्षणभर गोंधळल्या. हसू येणार तेवढ्यात कॅप्टन ओरडला, "हा बाद! दोरीच्या खालून गेला."

"अरे, पण लांब गेला ना?"

"लांब गेला, पण चुकीचा गेला."

ताईंनी कपाळावर हात मारला आणि लॅबमध्ये जाऊन उगाच भिंगं पुसत बसल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चष्मी आली. बाद फेक तिने पुसली नव्हती. संगणकाच्या पडद्यावर चित्र थांबवून तिने काचेलाच कोनमापक लावला. छत्तीस अंश. मग एकेक फ्रेम मोजत गोळ्याचा वेग काढला. दोरीच्या रेषेत फेकताना सेकंदाला सात पूर्णांक तीन मीटर, ताईंच्या पद्धतीने बरोबर आठ.

"ताई, वर फेकताना तुमचा वेगच कमी होतोय!"

"तेच तर बोंबलून सांगतेय कालपासून. वर ढकलायचं म्हणजे अर्धा जोर गोळा उचलण्यातच जातो. आणि तो काय जमिनीवरून सुटतो का? डोक्याच्याही वरून सुटतो."

चष्मी थांबली. वहीत काहीतरी खरडलं, खोडलं, परत खरडलं. "पुस्तकातलं पंचेचाळीस केव्हा, तर जिथून फेकलं त्याच उंचीवर वस्तू पडली तर. आणि वेग सगळीकडे सारखा असेल तर. इथे दोन्ही नाहीत!" तिने मान वर केली. "पण दोन फेकींवर कोण विश्वास ठेवेल? अजून लागतील."

म्हणून ताईंनी तीन दिवस, रोज सुट्टीत, वेगवेगळ्या कोनांत चोवीस फेकी केल्या. तिसऱ्या दिवशी खांद्यात कळ आली ती थेट कोपरापर्यंत. बस चालवून दमून घरी आलेला नवरा मलम चोळताना म्हणाला, "या वयात गोळा? कुठलं पदक राहिलंय तुझं?"

"पदक नको मला. त्या पोराला एकदा कळू दे."

"आणि नाही कळलं तर?"

ताईंनी मलमाची डबी पुन्हा त्याच्या हातात दिली. खांदा दुखत होता.

आकडे घेऊन दोघी फिजिक्स शिकवणाऱ्या सरांकडे गेल्या तेव्हा व्हिडिओ पाठवायला एकच दिवस उरला होता. कॅप्टन आधीच तिथे बसला होता. "सर, माझं ॲनिमेशन पंचेचाळीसवर बनलंय. चार दिवस घालवलेत मी."

सरांनी चष्मीची वही उघडली, पहिलं पान बघितलं आणि मिटली. "ताई, तुमचा अनुभव मी नाकारत नाही. पण परीक्षक पुस्तक बघतात. शेवटच्या क्षणी कशाला घोळ?"

"सर, निदान पुढचं पान तरी बघा."

"बघतो, बघतो. सावकाश बघतो."

व्हिडिओ गेला. त्यात ताईंचा नुसता हात होता, कोपरापासून पुढे. चेहरा चित्रातून कापलेला. आणि सहा नव्वदच्या फेकीखाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं : सर्वोत्तम फेक. ते बघून ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चष्मी खाली मान घालून म्हणाली, "मी नको म्हणाले होते. माझं कोण ऐकतं?"

तीन आठवड्यांनी निकाल आला. पहिल्या विसांतही नाव नव्हतं. सर कागद घेऊन लॅबमध्ये आले आणि कॅप्टन, चष्मीसमोर परीक्षकांचा शेरा वाचू लागले : "डोक्याच्या उंचीवरून सुटणाऱ्या गोळ्याला पंचेचाळीस अंश लागू होत नाहीत. विद्यार्थ्यांनी मैदानावर मोजून पाहायला हवं होतं." कागद खाली ठेवून ते म्हणाले, "अरे, हे आधी कुणी सांगितलं कसं नाही मला?"

ताईंच्या हातात काचेचं चंचुपात्र होतं. ते त्यांनी आधी नीट टेबलावर ठेवलं.

"मी सांगितलं होतं, सर. मैदानावर याला सांगितलं, तुमच्या खोलीत तुम्हाला सांगितलं. चोवीस फेकी मोजून आणल्या होत्या. तुम्ही एक पान बघितलंत. हा हात बघा, अजून डोक्याच्या वर जात नाही माझा. सांगितलं नाही असं मात्र म्हणू नका."

लॅबमधल्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत ताईंचा आवाज एवढा चढलेला कुणी ऐकला नव्हता. कॅप्टन नखं बघत बसला. सर कागद उचलून निघून गेले. दिवसभर ताई दाराकडे बघत राहिल्या, आता काय ऐकावं लागतंय म्हणून.

चौथ्या दिवशी सर वही मागायला आले. उभ्याउभ्याच वाचायला लागले, मग स्टूल ओढून बसले. शेवटच्या पानावर येऊन म्हणाले, "माझं चुकलं. पुढच्या वर्षी हेच पाठवू."

"पुढच्या वर्षी खांदा उठेल की नाही कोण जाणे. आत्ता काय करताय?"

"आत्ता प्रवेशिका बंद झाल्या, ताई."

"वर्ग तर चालू आहेत ना?"

असं म्हणून ताई स्वतःच चपापल्या. पण सरांनी मान डोलावली.

गुरुवारी बारावीच्या वर्गात, सरांच्या शेवटच्या तासाला ताईंनी खडू हातात घेतला. उजवा हात वर जाईना, म्हणून डाव्याने फळ्याच्या खालच्या भागात माणूस काढला, खांदा काढला, सुटणारा गोळा काढला. आकृती बेंगरूळ झाली. मागच्या बाकांवर खसखस पिकली. चष्मीने आकडे वाचून दाखवले. कॅप्टन गैरहजर होता. ताई वेगाबद्दल सांगायला लागल्या आणि ऐन मुद्द्यावर घंटा झाली. अर्धा वर्ग दप्तरं उचलून पसार. सरही "वा, छान" म्हणत बाहेर पडले.

पुढच्या बाकावरची पाच-सहा जणं बसून राहिली. त्यातल्या एकीने विचारलं, "ताई, गोळा मानेला का टेकवायचा?"

ताईंनी खडूचे हात झटकले. "उठ. इकडे ये, दाखवते."