आबांची हिरवी मोटार आणि शिवपुरीचा रस्ता

चालणाऱ्या गाडीचा किस्सा होत नाही, बंद पडलेल्या गाडीचा होतो. आमच्या मंडळींच्या गाड्या फार जुन्या, त्यामुळे किश्शांना तोटा नाही. दर रविवारी सकाळी ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर, म्हणजे भर चौकात, कचोरी खायला जमतो. एकाचं सांगून होत नाही तोच दुसरा "अहो, हे तर काहीच नाही!" म्हणत सुरू करतो.

मी निवृत्त गणिताचा मास्तर. माझ्याकडे गाडी नाही, घड्याळ आहे. एके काळी ग्वाल्हेर ते शिवपुरी मोटारींची एक शर्यत झाली होती, ती तीन वर्षांपूर्वी मंडळींनी व्हिंटेज रॅली म्हणून पुन्हा सुरू केली. तेव्हापासून वेळ नोंदवण्याच्या टेबलावर मला बसवतात. नियमही मीच लिहिलेत.

*

रॅली म्हणजे वेगाची शर्यत नव्हे. ठरलेल्या वेळेला ठरलेल्या ठिकाणी पोचायचं. उशीर झाला तर गुण जातात, लवकर पोचलात तरी जातात. जुन्या गाड्या पळवून कोणी जीव गमावू नये, एवढाच हेतू.

पहिल्याच वर्षी नई सडकवरचे एक कापडवाले चाळीस मिनिटं आधी शिवपुरीला हजर! गाडीतून उतरले तेच हार घालून घ्यायला मान पुढे करून. मी त्यांना शेवटचा नंबर सांगितला.

"मास्तर, लवकर आलो म्हणून शिक्षा?"

"नियम आहे."

"जन्मात पहिल्यांदा कुठेतरी वेळेआधी पोचलो हो मी!"

खरंच होतं ते. मला वाईट वाटलं, पण नंबर बदलला नाही.

*

जुनी शर्यत कोणी जिंकली होती, हा आमच्याकडचा न मिटणारा वाद. मी एकदा वहीत लिहून काढलं. शर्यतीत धावलेल्या गाड्या पाच, आणि ती जिंकलेले आजोबा सात! एकाही घरचे आजोबा दुसरे आलेले नाहीत.

खरं बोलणारे एकटे आबा. आबा खासगी बाजारात राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. बँकेतून निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांची हिरवी, दोन दारांची विलायती मोटार त्यांच्याहून वयाने मोठी आहे.

"आमचे आजोबा मोहन्याला बंद पडले," ते सरळ सांगतात. "शिवपुरी त्यांनी त्या गाडीतून बघितलीच नाही. वडिलांनी पण नाही. आता मी बघणार."

मोहना म्हणजे अर्धी वाट. पहिल्या वर्षी आबांची गाडी कुठे बंद पडली असेल? मोहन्याला! आबा उतरले, इकडेतिकडे बघून म्हणाले, "जागा चांगली आहे. आजोबांचं चुकलं नव्हतं काही."

*

दुसऱ्या वर्षी गाडी बंद पडली नाही. आबांच्या शेजारी माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, रस्ता सांगायला बसतात. आम्ही प्रत्येकाला नकाशाची वही देतो. माई ती मांडीवर ठेवतात आणि रस्ता आपल्या पद्धतीने सांगतात. "हे कमलचं सासर गेलं, आता डावीकडे."

वाटेत मंडप, पांढऱ्या चादरीचं टेबल आणि रजिस्टर दिसलं की थांबायचं, सही करायची, निघायचं, एवढंच मी बजावलं होतं. घाटीगावच्या पुढे त्यांना मंडप दिसला. टेबल होतं, पांढरी चादर होती, रजिस्टरही होतं. आबांनी सही केली. कोणीतरी अदबीने आत नेलं, बसवलं.

दोघं सव्वा तासाने बाहेर आली. ते नेत्रतपासणी शिबिर होतं!

"अहो, कळलं नाही तुम्हाला?" मी विचारलं.

"कळलं ना," माई म्हणाल्या. "पण रांगेत नंबर लागला होता, मग उठून कसं जायचं? ह्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, ते बरं झालं की!"

*

तिसऱ्या वर्षी गाडी सुरुवातीच्या झेंड्यापर्यंतसुद्धा आली नाही. नई सडकवरच थांबली, अगदी भर बाजारात. आमच्या सगळ्यांच्या गाड्या बघतात ते सलीम मिस्त्री आले. अर्धा तास बॉनेटमध्ये डोकं घालून होते.

"क्या हुआ है?" आबांनी विचारलं.

"गाड़ी में कुछ नहीं हुआ बाबूजी," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "आज उसका मन नहीं है."

आबांनी मान डोलावली. बँकेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हे कारण पटलं.

*

यंदा निघायच्या आधी चौकात एका हवालदाराने आबांना अडवलं.

"दादाजी, सीट बेल्ट?"

"बेटा, जब ये गाड़ी बनी, तब बेल्ट सिर्फ़ पतलून में लगता था!"

हवालदाराने सलाम ठोकला आणि मग गाडीबरोबर तीन फोटो काढून घेतले. त्यात आबांची सात मिनिटं गेली.

*

आता यंदाचा मुख्य किस्सा सांगतो.

आबांचा मुलगा नंदू पुण्याला असतो. वडिलांनी या वयात ही गाडी चालवावी हे त्याला मंजूर नाही. जयपूरच्या एका संग्रहालयाशी त्याने बोलणं करून ठेवलं होतं. दिवाळीत बाप-लेकांचं कडाक्याचं भांडण झालं आणि शेवटी नंदूने अट घातली. "यंदा गाडी स्वतःच्या इंजिनावर वेळेत शिवपुरीला पोचली तर ठेवा. नाहीतर जयपूर." आबांनी कबूल केलं. त्या दिवसापासून रविवारी आबा कचोरी अर्धी टाकून उठायला लागले. आम्हाला बघवत नव्हतं.

शिवपुरीचं माझं टेबल चारला बंद होतं. बाकीच्या गाड्या आल्या, मंडळी जेवायला बसली. सव्वातीनला वळणावर हिरवी मोटार दिसली! सगळे उष्ट्या हातांनी उठले. गाडी आली, आली, खोकली, आणि पांढऱ्या रेघेच्या आठ-दहा हात अलीकडे थांबली.

माणसं ढकलायला धावली. मी ओरडलो, "हात लावू नका! बाहेरच्याचा हात लागला तर गाडी बाद!"

मला त्या क्षणी माझाच राग आला. पण नियम तो नियम.

आबांनी बॉनेट उघडून पंधरा मिनिटं खटपट केली. इंजिन हूं की चूं करेना. सलीम मिस्त्री दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून शेजारी उभे होते, कपाळावर घाम.

"बाबूजी, अभी नहीं लगेगी. स्विच बंद करो, चारों प्लग निकालो, पहला गियर डालो और हैंडल घुमाओ. सरकेगी!"

आबांनी प्लग काढले. गाडीच्या नाकाशी वाकून इंजिन हाताने फिरवायचं हँडल लावलं. मग वर बघून म्हणाले, "अगं, तू चाकावर बस."

लग्नाला बावन्न वर्षं झाली, त्या जागेवर माईंना त्यांनी कधी बसू दिलं नव्हतं. माई पदर खोचून सरकल्या आणि स्टिअरिंगचं चाक धरलं.

एक फेरा मारला की गाडी चार बोटं पुढे. आबा फेरा मारायचे, मागे सरकायचे, पुन्हा फेरा. दहा झाले की मडगार्डला टेकून श्वास घ्यायचे. मिस्त्री मोठमोठ्याने आकडे मोजायला लागले, मग सगळेच मोजायला लागले.

"माई, बांबू! मंडपाचा बांबू!" मी ओरडलो.

"दिसतोय मला!" माई म्हणाल्या आणि चाक फिरवलं.

तीस झाले तेव्हा आबा हँडलवरच ओणवे झाले.

"अहो, मी उतरू का? थोडं मी फिरवते."

"चाक सोडू नकोस!"

सेहेचाळिसाव्या फेऱ्याला पुढचं चाक रेघेवर आलं, अठ्ठेचाळिसाव्याला पलीकडे गेलं. मी घड्याळ बघितलं. चारला चार कमी. वेळ नोंदवली, सही केली. माझं अक्षर वाकडं आलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नंदू!

"काका, पोचली का?"

"पोचली. वेळेत पोचली."

"स्वतःच्या इंजिनावर ना? खरं सांगा, तुम्ही खोटं नाही बोलणार."

मी खरंच बोलत नाही खोटं. फोन कानापासून दूर धरला. माईंनी गाडीतूनच हात बाहेर काढून फोन घेतला.

"इंजिनावरच आली रे. चालवली मी. इंजिन आत्ता मास्तरांच्या खुर्चीत बसून ताक पितंय."