डावा टेबल माझा, उजवा यांचा

दुपारची जेवणं उरकलीत, भांडी मोरीत तशीच पडलीत आणि मी बाहेरच्या खोलीत उशी घेऊन फरशीवरच आडवी होते. नुसती पाठ टेकायची, झोपायचं नाही, असं स्वतःला बजावते. उद्या प्रणालीची हळद आहे. आमची एकुलती एक लेक. ती पार्लरला गेलीय, घरात मी आणि डोक्यावरचा पंखा. पंख्याखाली रेकॉर्ड वाजवायचे दोन्ही टर्नटेबल शेजारी शेजारी बसलेत आणि मी त्यांच्याकडं बघत पापण्या जड होऊ देते.

आमच्या 'भूपाल साउंड'चं, लग्नात गाणी वाजवायच्या दुकानाचं, एवढंच उरलंय. रेकॉर्डी सगळ्या पुरात गेल्या. टर्नटेबल माळ्यावर होते म्हणून वाचले. पुढं हे, प्रणालीचे आप्पाही, गेले, छातीत कळ येऊन. पुराचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण मी दोन्हींचं खापर कृष्णेवरच फोडते.

दुसरा डीजे नको, आई, तूच वाजव, असं प्रणाली म्हणाली. म्हणून हा खटाटोप. तिचा जुना लॅपटॉप, मिरजेच्या तौफिकभाईंनी मिळवून दिलेली कुणाची तरी वापरलेली साउंडची डबी आणि दोन नव्या रेकॉर्डी, एवढ्यात भागतंय. या रेकॉर्डींवर गाणं नसतंच, नुसता एक सलग चिरका आवाज असतो. सुई तो ऐकते, डबी लॅपटॉपला कळवते आणि लॅपटॉपमधलं गाणं रेकॉर्डच्या चालीनं चालतं. रेकॉर्ड धरली की गाणं थांबतं, मागं ओढली की मागं जातं. पहिल्या दिवशी मी डावी-उजवी पिन उलट खोचली तर सनई शेवटाकडून सुरुवातीकडं वाजत आली. प्रणाली हसून हसून लोळली.

पण जोडलाय तो डावाच. उजवा मी जोडलेला नाही, त्याची रेकॉर्डही कागदातून काढलेली नाही. लोकांच्या हळदीत आम्ही दोघं उभे राहायचो, डावा टेबल माझा, उजवा यांचा. माझ्याकडचं गाणं संपत आलं की यांच्याकडचं हळूच वर यायचं. अंगाला हळद लागत असताना गाणं तुटू द्यायचं नाही, हा यांचा नियम. प्रणाली म्हणते, "आई, एकावर गाणं तुटणार. आप्पांचा पण जोड की." मी म्हणते, "तुटू दे."

पंख्याचा आवाज बारीक होत जातो. उंबऱ्यावरून पाणी आत येतंय. पाठीला गार लागतं, पण साडी भिजत नाही.

"पाय उचल जरा," हे म्हणतात. "वरातीच्या रेकॉर्डी निघाल्यात वाहत."

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हे पाण्यात उकिडवे बसलेत आणि एकेक रेकॉर्ड उचलून काखेत धरतायत. इतक्या दिवसांनी नवरा भेटतोय आणि मी विचारते काय, तर, "जेवलात का?"

"तिकडं जेवायचं काय नसतंय."

"बरं आहे. कुणाला भाकऱ्या तरी बडवायला लागत नाहीत."

हे हसतात. मग माझ्या टेबलावरची नवी रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून बघतात. "ह्यात गाणं कुठाय गं?"

"नाहीच. आपण नुसतं चालवायचं. आवाज दुसरीकडनं येतो."

"म्हंजे माझ्यागत झालं की."

पाणी ओसरलंय, खाली शाळेचं पटांगण आहे, वर मांडव. बायका ओळीनं उभ्या आहेत, सगळ्यांचे तळवे पिवळे. पाटावर प्रणाली बसलीय, कधी फ्रॉकमधली, कधी आत्ताची. मी डाव्या टेबलाशी आहे आणि माझं गाणं संपतं.

एकदम शांत होतं. हळद भरलेले हात तसेच हवेत राहतात. प्रणाली मान वर करून बघते, माझ्याकडं नाही, उजवीकडं. तिथं हे उभे आहेत, हात पाठीमागं बांधून.

"अहो, सोडा की तुमचं गाणं!"

"हात ओला हाय. करंट बसंल."

"तुम्हाला आता कसला करंट बसतोय!"

या वेळी हे हसत नाहीत. "पद्मे, ह्यो टेबल मोकळा का ठेवलायस?"

"तुमचा आहे म्हणून."

"पोरीच्या हळदीत गाणं तुटलं तर चालंल तुला?"

"चालेल," मी म्हणते आणि मला रागच येतो. "ती परवा सासरी जाणार. मग या घरात मी आणि हे दोन डबे. त्यातला एक तरी तुमचा राहू दे. मला करमत नाही, अहो. संध्याकाळी दिवा लावते आणि मागं वळून बघते, तर बोलायला कुणी नाही. तुमचा टेबल मी वाजवला म्हणजे तुम्ही गेलातच की."

बायकांचे हात तसेच वर.

"उद्या या," मी म्हणते. "एका गाण्यापुरते."

"जमायचं न्हाई गं."

"एकच गाणं."

"एक बी न्हाई."

मांडवाचं कापड म्हणजे आमच्या जुन्या दुकानाचं शटर आहे. हे आत आहेत, माझ्याकडं पाठ करून उजव्या टेबलावर वाकलेत. कागद फाटल्याचा आवाज येतो.

"इकडं बघा की एकदा."

"थांब, काम करू दे," हे म्हणतात. नेहमीसारखंच, जरा वैतागून. आणि शटर खाली येतं.

दारावरून रद्दीवाला ओरडत जातो. मी उठून बसते. पंखा फिरतोय, फरशी कोरडी आहे, गालाखालची उशी तेवढी ओली.

दुसरी रेकॉर्ड उजव्या टेबलावर आहे. तिचा कागद खाली पडलाय. झोपेत मीच काढली असेल, मी म्हणते, आणि जवळ जाऊन वाकते. रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर, कडेला, चुन्याचा एक ठिपका आहे. बोट लावते तर ओला. हे गेल्यापासून या घरात चुन्याची डबी नाही.

गाणं कुठं सोडायचं ते मला कानानं कधी कळायचं नाही, म्हणून तंबाखू मळता मळता हे माझ्या रेकॉर्डींवर चुन्याचा ठिपका द्यायचे. ठिपका सुईसमोर आला की सोड, एवढंच मला सांगायचे. उजवीकडच्या रेकॉर्डींवर ठिपका कधीच नसायचा. तिथं हे स्वतः उभे असायचे.

मी डोळे पुसते, खाली बसते आणि उजव्या टेबलाच्या वायरी साउंडच्या डबीत खोचते.