सोप्या कामाची माणसं

मंदारने माझ्या की-बोर्डची बटणं उपटली. स्क्रूड्रायव्हरचं टोक खाली सारून, एकेक करून. टक्. टक्. बटणं टेबलावर उडत होती. एक माझ्या मांडीवर पडलं. मी हात जवळ घेऊन बसले होते. उठले नाही.

चारच ठेवली त्याने. एक, दोन, तीन, चार.

"एवढी पुरे तुला," तो म्हणाला. "बाकीची दाबायला अक्कल लागते."

त्याचे तिघे मित्र हसले. शेठ गल्ल्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, बघितलं, परत वर धरला. मंदार त्यांचा सख्खा पुतण्या.

माझा गुन्हा काय? मी एवढंच विचारलं होतं, "मंदारदादा, एकदा मला तुमच्या खेळातला मेज खेळू द्याल?"

मी त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. तरी तो 'दादा' आणि मी 'ए'. तसंच ठरलेलं होतं.

महाडच्या बाजारपेठेतला तो सायबर कॅफे. दोन हजार सहा-सातचे दिवस. तारेतून येणारं जलद इंटरनेट गावात नुकतंच आलं होतं. मी पोलादपूरच्या पुढच्या एका बौद्धवाडीतली, बारावी सायन्स झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. वडील औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडून हेल्पर. त्यांचा सुपरवायझर आणि शेठ एकाच आळीतले. सुपरवायझरने शब्द टाकला आणि मला नोकरी लागली. सकाळी झाडू मारायचा, स्क्रीन पुसायच्या, गिऱ्हाइकांची नावं वहीत लिहायची, पोरांचे निकाल काढून द्यायचे, प्रिंट मारायच्या. शेठ आठवड्यातून एकदा तरी म्हणायचे, "तुझ्या वडिलांच्या साहेबांच्या शब्दावर ठेवलीय हो तुला."

म्हणजे काय, ते मला कळायचं. मी इथून गेले तर तो शब्द पडणार. शब्द पडला तर वडिलांचा कंपनीतला गेटपास जाणार. एका दोरीला आम्ही दोघं बांधलेले.

कॅफेपासून तळं पाच मिनिटांवर. मार्चमध्ये तिथे आमची माणसं दुरून दुरून येतात. त्या दिवशी शेठ शटर खाली ओढायचे. "गर्दी फार असते," म्हणायचे. मला सुट्टी द्यायचे, उपकार केल्यासारखी.

मंदारची टोळी दुपारी यायची. त्यांचा एक खेळ होता. देशभरातली माणसं एकाच वेळी त्या खेळात असायची. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्या पात्राला एक काम. त्याला ते जॉब म्हणायचे. पाच जणांची टोळी करून मोठमोठ्या राक्षसांशी, दुसऱ्या टोळ्यांशी लढायचं. एक जण पुढे उभा राहून मार खाणार, दोघं तलवार चालवणार, एक मेज, म्हणजे जादू करणारा. त्याचं काम अवघड समजत. आधी समोरच्याला गारठवायचं, मग थांबायचं, मग जाळायचं. क्रम चुकला की सगळं वाया. मेज मंदारचा. आणि शेवटची हीलर. मागे उभं राहून बाकीच्यांच्या जखमा भरणारी.

त्यांचा हीलर पुण्याला शिकायला गेला. पाचवा कोणी मिळेना. तेव्हा मंदारची नजर माझ्यावर आली.

"हिला बसवू. हीलरला डोकं लागत नाही."

मला सहा नंबरचं मशीन दिलं. कॅफेतलं सगळ्यात जुनं. दाराजवळ, धुळीत. बटण दाबलं की स्क्रीनवर ते जरा उशिरानेच पोचायचं. मंदारचं एक नंबर, पंख्याखाली, नवं कोरं. तो दुपारपासून दिवे लागेपर्यंत सलग खेळायचा. मी लढाईच्या मधेच उठायची, कारण कोणाला तरी प्रिंट हवी असायची. प्रिंट देऊन धावत यायचं, तोवर कोणाचा तरी जीव शेवटच्या रेषेवर आलेला. मी वाचवायची. वाचला तर तो आपल्या हिमतीवर वाचला. मेला तर "हीलर झोपली होती."

पण मागे उभं राहिलं की सगळं दिसतं. पुढच्याला फक्त समोरचा राक्षस दिसतो. मला पाचही जण दिसायचे. कोण घाबरला की डावीकडे पळतो, कोण मार लागायच्या आधीच ओरडतो, मंदार कुठे घाई करतो. दोन महिन्यांत मला कळायला लागलं, आता कोणाला लागणार. लागायच्या आधीच माझं बोट बटणावर असायचं. मशीन उशिरा पोचवायचं म्हणून मी आधी दाबायला शिकले.

हे कोणाला दिसलं नाही. सोपं काम होतं ना ते.

त्या खेळाची एक वेबसाईट होती. खेळाडू तिथे इंग्रजीत वाद घालायचे. कोणता जॉब अवघड, कोणता सोपा, सरासरी खेळाडूला काय झेपतं. मंदार तिथे लांबलचक लिहायचा आणि मित्रांना मराठीत वाचून दाखवायचा. एकदा म्हणाला, "बहुतेक माणसं मठ्ठच असतात. त्यांनाही खेळायचं असतं. म्हणून सोपे जॉब ठेवलेत. अवघड जॉब सगळ्यांना दिले तर खेळाचं वाटोळं होईल."

मी त्याच्या मागे उभी राहून स्क्रीन पुसत होते. मला वाटलं, हा खेळाबद्दल बोलतोय.

मग त्या दुपारी मी मेज मागितला. मंदार खुर्चीत गर्रकन वळला. त्याने माझ्याकडे खालून वर बघितलं. माझ्या बोलण्याची नक्कल करत म्हणाला, "नाय गो. तुमच्यात नसतं ते."

तुमच्यात. मी एकटी उभी होते आणि तो म्हणाला, तुमच्यात.

मग त्याने ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर काढला.

घरी गेले. दुसऱ्या दिवशी रविवार, मला सुट्टी. बाबांची सकाळची पाळी होती. दुपारी ते आले, ओट्यावर पाय धूत बसले. त्यांच्या टाचांच्या भेगांत पिवळं काहीतरी कायमचं बसलेलं. मी सांगितलं. बटणांचं सांगितलं, 'तुमच्यात' सांगितलं.

बाबा पाय धूत राहिले. मग म्हणाले, "सोडू नको गो. सायबाचा शब्द हाय."

"बाबा, तो मला मठ्ठ म्हणला."

"म्हणू दे. माजं तरी काय? मला पण म्हणतात." आणि मग ते हसत हसत एक गोष्ट सांगायला लागले. गंमत म्हणून. कंपनीत त्यांचं काम रिअॅक्टर, म्हणजे रसायनं शिजवायची मोठी टाकी, धुणं, ड्रम ढकलणं, सांडलं तर पाणी मारणं. रिअॅक्टरच्या आत ढवळणारं यंत्र फिरतं, त्याचा आवाज त्यांना पाठ. एकदा आवाज बदलला. ते नवीन ऑपरेटरला म्हणाले, "सायेब, आत घट्ट झालाय, थांबवा." तो ऑपरेटर त्यांच्या मुलाच्या वयाचा. तो म्हणाला, "तू पाणी मार."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? घडीभरानं मशीन अडकला. चार जणांनी दोन दिस खरवडला." बाबा हसले. "मी पण खरवडला."

"आणि त्या ऑपरेटरला काम शिकवलं कोणी?"

"मीच की. कुठल्या पायपाचा वॉल कुठं हाय, त्याला कुठं म्हाईत होतं?"

"मग तुम्ही ऑपरेटर का नाय?"

बाबांचं हसू थांबलं. पाण्याचा तांब्या हातात तसाच राहिला. आई चुलीपाशी होती, तीसुद्धा वळली. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्या घरात कोणी विचारला नव्हता. बाबांनीही नाही.

"आपलं काम सोपं हाय," ते शेवटी म्हणाले. "आपल्याला तेच बरं."

मंदारने जे म्हटलं, तेच बाबा म्हणत होते. तेच शब्द. त्याने ते माझ्या तोंडावर मारले होते आणि बाबांच्या आत ते कोणी कधी ठेवले, त्यांना माहीतही नव्हतं. त्या क्षणी मला मंदारपेक्षा बाबांचा राग आला. खोटं कशाला बोलू. आणि मग स्वतःचा. कारण सोमवारी सकाळी मी परत बस पकडली.

चार बटणांवर मी सहा महिने खेळले. बोटं चुकून उघड्या रबरावर पडायची, पोरं हसायची. सोडता येत नव्हतं. कशेडीकडून येणारी बस पोलादपूरला थांबायची, मी चढायची, आणि सावित्रीचा पूल आला की खिडकीकडे पाठ करून बसायची. रोज. वाटायचं, बस बंद पडावी. ती कधी पडली नाही.

पण मी लवकर पोचायला लागले. शेठ नऊला यायचे. मी आठला शटर उघडायची, झाडू मारायची आणि एक नंबरवर बसायची. माझं स्वतःचं पात्र केलं. मेज. त्याला आईचं नाव दिलं, हौसा. पहिल्या आठवड्यात हौसा रोज मेली. गारठवायची विसरली, घाईत जाळलं, मेली. मग हात बसला. महिन्याभरात मला कळलं की मेजचं काम अवघड आहे, पण हीलरहून अवघड नाही. क्रम पाठ केला की झालं. पाच जणांचा जीव सांभाळण्याला क्रम नसतो.

आणि नव्या मशीनवर बटण दाबलं की लगेच होतं. लगेच! मला रडू आलं. मी इतके दिवस ज्याला माझा मंदपणा समजत होते, तो त्या मशीनचा होता.

मग तो रविवार. मला सुट्टी, तरी बोलावून घेतलं. दुसऱ्या शहरातल्या एका टोळीशी किल्ल्याची लढाई होती. मंदारने पाहुणे बोलावले होते, मागे खुर्च्या टाकल्या होत्या. शेठसुद्धा उभे राहून बघत होते. आम्ही चांगलं लढलो. शेवटी समोरचे दोघंच उरले. मंदारने त्यातल्या एकाला गारठवलं आणि न थांबताच तो जाळायला गेला.

"थांबा, अजून गोठला नाही," मी ओरडले.

"तोंड बंद. तू फक्त दाब."

त्याची जादू वाया गेली. त्या दोघांनी आम्हाला एकेक करून मारलं. शेवटी फक्त माझी हीलर उभी होती. तिच्या हातात काठी. मग तीही पडली.

मागे कोणीतरी हसलं. मंदारचे कान लाल झाले. तो उठला आणि माझ्याकडे बोट करून शेठना म्हणाला, "हिच्यामुळे हरलो. मधेच ओरडली. सरासरीपेक्षाही खालची आहे ही, काका."

शेठ म्हणाले, "माफी माग मंदारची."

कॅफेत पंखा फिरत होता. सगळे माझ्याकडे बघत होते. गल्ल्यावर मी नेहमी शहरातलं बोलायची, 'नाही', 'आहे' सांभाळून. त्या वेळी तोंडातून घरचं आलं.

"नाय."

"काय म्हणालीस?"

"नाय मागणार. मंदार, तू हितं सहावर बस. मी एकावर बसते. तीच टोळी बोलव. मी हरले तर माफी मागते."

मी पहिल्यांदा त्याला नुसतं मंदार म्हटलं. मी माझी खुर्ची मागे सरकवली, त्याच्यासाठी. तो त्या की-बोर्डकडे बघत राहिला. त्याचे मित्र त्याच्याकडे. कोणीतरी म्हणालं, "बस ना रे."

तो बसला नाही.

"असल्या मशीनवर कोण खेळेल?" तो म्हणाला.

त्याच्या स्वतःच्या तोंडून आलं. सगळ्यांनी ऐकलं.  शेठ एवढंच म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

मी जिंकले नाही. कोणी माझ्या बाजूने उभं राहिलं नाही. आठ दिवसांत सुपरवायझरने बाबांना गेटवरून परत पाठवलं. महिनाभर ते घरी होते. नंतर घेतलं, पण गाळ उपसायच्या जागी, जिथे कोणी टिकत नाही. बाबा माझ्याशी बोलत नव्हते. आई म्हणाली, "येक माफी मागितली असतीस तर काय झाला असता?"  आजही बाबांच्या खोकल्याचा आवाज आला की मी मान खाली घालते. पण माफी मागायला हवी होती, असं मला एकदाही वाटलं नाही.

मी आयटीआयला नाव घातलं. केमिकल प्लांट ऑपरेटरचा कोर्स. वर्गात मुली दोन. पास झाले, पहिल्या पाचांत. मग वसाहतीतल्या एका कंपनीत मुलाखतीला गेले. समोरच्या माणसाने माझा अर्ज वाचला, आडनाव वाचलं, गाव वाचलं. चष्मा काढला.

"पॅकिंगला जागा आहे," तो म्हणाला. "सोपं काम आहे. तुम्हाला जमेल."

"मी ऑपरेटरसाठी अर्ज केलाय, सर."

"ते अवघड असतं हो."

"कोणासाठी?"

त्याने अर्ज बाजूला सारला.

मी म्हटलं, "सोपं काम कोणाला द्यायचं, ते तुम्ही माझा कागद बघून ठरवलंत. मला काय येतं ते अजून विचारलं नाहीत. विचारा. नाही आलं तर मी स्वतः उठून जाईन."

त्याने घड्याळाकडे बघितलं. बाहेर रांग आहे म्हणाला. शिपायाला हाक मारली. शिपाई दारात येऊन उभा राहिला.

मी फाईल टेबलावर उघडी ठेवली. खुर्ची पुढे ओढली.

"विचारा," मी म्हटलं. "विचारल्याशिवाय मी उठणार नाय."