कुंदाअक्काच्या खापरापुढे आदर्श शिक्षिका

तेवीस वर्षं मी जळगावच्या पिंप्राळ्यातल्या एका शाळेत पाचवीला शिकवते. माझं नाव सविता. घरात भिंतीवर 'आदर्श शिक्षिका' अशी पाटी आहे, कपाटात शाल आहे आणि शालीला डांबरगोळ्यांचा वास आहे. जिच्याबद्दल सांगणार आहे ती बाई चौथीत तीनदा नापास झालेली. एका दुपारी तिच्यापुढे माझी जी शोभा झाली, ती मीच सांगितलेली बरी. दुसरं कुणी सांगेल तर मीठमसाला लावून सांगेल.

तिचं नाव कुंदाबाई. सासर नशिराबादचं, माहेर पिंप्राळ्याचं आणि धंदा मांडे करण्याचा. मांडा म्हणजे आमची खापरावरची पुरणपोळी. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा. जळगावात कुणाकडे जावई येवो की पंगत बसो, कुंदाअक्का पोत्यात गुंडाळलेलं खापर मांडीवर घेऊन रिक्षाने हजर. ऑर्डर मात्र फोनवर बोलून द्यायची. लिहून पाठवलं तर उत्तरच नाही. लोक म्हणत, कुंदाबाईला भाव चढला. मीही म्हणायचे. तिला वाचता येत नाही हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण बोलण्यात ती भल्याभल्यांना पाणी पाजते.

तिच्या भावाची, युवराज रिक्षावाल्याची मुलगी मृणाली माझ्या वर्गात होती. तोंडी काही विचारा, पोरगी फाडफाड बोलणार. गोष्ट एकदा ऐकली की दुसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा रंगवून सांगणार. पण पुस्तक हातात दिलं की हिला तहान लागायची. "बाई, पाणी पिऊन येऊ?" वाचनाच्या तासांना ही जेवढं पाणी प्यायली, तेवढं मे महिन्यात तापीलाही नसतं. दोन ओळी वाचायला पाच मिनिटं, आणि त्यातही अर्धा अंदाजपंचे कारभार. मी लाल पेनाने वहीत लिहायचे, 'लक्ष नाही. आळस.' मग तिला शेवटच्या बाकावर बसवलं. एकदा "नाचता येईना, अंगण वाकडं" असंही म्हणाले. वर्ग खो खो हसला. वर्ग हसला की आम्हा शिक्षकांना आपण छान शिकवतो असं वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, बाईंना कुणी काही सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं ना. डिस्लेक्सियावर चांगलं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. साहेबांनी पडद्यावर मजकूर लावला आणि तोच आम्हाला वाचून दाखवला. म्हणजे वाचता येणाऱ्या साठ माणसांना दोन दिवस वाचून दाखवण्यात आलं. मूल हुशार असलं तरी वाचणं त्याला जड जाऊ शकतं, तो आळस नसतो, ओरडून आणि मारून ते सुटत नाही, वगैरे. आम्ही माना डोलावल्या, आलूवडे खाल्ले आणि या दोन दिवसांची बदली रजा मिळेल का एवढा एकच प्रश्न विचारला. मिळालेल्या प्रमाणपत्राचा फोटो मी स्टेटसला ठेवला. दुसऱ्या दिवशी मृणाली शेवटच्याच बाकावर होती. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, तो घडा मी.

पाचवीला हल्ली नापास करता येतं. मृणाली वार्षिक परीक्षेत नापास झाली. जूनमध्ये फेरपरीक्षा, तीही गेली तर पुन्हा पाचवी. आखाजीला, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेला, चार दिवस राहिले असताना कुंदाअक्का शाळेत आली. हातात एक कागद. तिच्या कुणा गिऱ्हाइकाच्या नातवाला वाचणं का जड जातं याची तपासणी झाली होती, त्याला पेपर वाचून दाखवायला माणूस मिळाला आणि पोरगा पास झाला. मृणालीची तशी तपासणी सरकारी दवाखान्यात करायची तर कागदावर दोन सह्या लागणार होत्या, वर्गशिक्षिकेची आणि बापाची.

"अक्का, ही मोठ्या शहरातली फॅडं," मी म्हणाले. "पोरगी हुशार आहे. मनावर घेत नाही, एवढंच."

बाप माझ्याच पंथाचा. युवराज दर पालकसभेला मान खाली घालून यायचा आणि "बाई, बिनधास्त मारा" म्हणून निघून जायचा. अक्काने त्याला हा कागद दाखवला तेव्हा तो म्हणे, पोरीला लोक वेडी म्हणतील, उद्या लग्न कसं जमेल? पोरगी अकरा वर्षांची आणि बापाला मांडवाची चिंता.

कुंदाअक्काने कागदाची घडी घातली. "बरं बाई. आखाजीले मांडा खावाले या." एवढंच बोलली. मी खूश झाले. विषय मिटला आणि वर जेवण.

आखाजीला लेकी माहेरी येतात, तशी अक्का भावाकडे आलेली. अंगणात चूल, त्यावर खापर, भोवती पाच-सहा बायका आणि मृणाली. मृणालीच्या आईने, मोहिनीने मला पाट दिला. मी बसणार तोच अक्काने माझ्या हातावर पुरणाचा गोळा ठेवला. "बाई, एक करा ना. बठ्ठ्या करतस." बठ्ठ्या म्हणजे सगळ्या.

मी जळगावची सून असले तरी मांडे विकत आणणाऱ्यांतली. पण नाही कशी म्हणणार? पहिला गोळा हातावर घेतला आणि तो बोटांतून फाटून खाली आला. बायका हसल्या, मीही हसले.

"आखो एक करा," अक्का म्हणाली. "ध्यान द्या."

दुसरा फाटला. पुरण माझ्या नव्या साडीवर.

"तुमनं ध्यान कोठे शे, बाई? हात शेतस, डोया शेतस. इतली पोर करस, तुमले का नही जमस?"

मृणालीने तेवढ्यात एक मांडा झुलवून खापरावर सोडला होता. माझे कान तापले. मी डोळे फाडून बघत होते, ती काय करते ते सगळं दिसत होतं, पण माझ्या हातांना ते कळत नव्हतं. आणि सगळ्या बघतायत म्हटल्यावर मी उगाच घाई करायला लागले. तिसरा फाटला तेव्हा अक्का शेजारणीला म्हणाली, "आळस शे, दुसरं काय." आता कुणाच्या तोंडावर हसू आवरेना. मला रडू येईल असं वाटलं. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई मी. म्हटलं, मनगट दुखतंय. मग म्हटलं, जरा पाणी मिळेल का?

मृणाली घरातून तांब्या घेऊन आली. माझ्या शेजारी उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "बाई, सावकाश प्या. लवकर प्यायलं की लवकर परत जावं लागतं."

मी तांब्या खाली ठेवला. वर्षभर मी या पोरीवर ओरडले होते, पण एकदाही काही विचारलं नव्हतं. तेव्हा विचारलं, "वाचताना तुला नक्की काय होतं गं?"

तिने विचार केला. "लग्नात कोणी भेटतं ना बाई, चेहरा ओळखीचा असतो पण नाव आठवत नाही. तसं. एकाचं आठवेपर्यंत पुढचे दहा जण येऊन उभे राहतात. मग घाई होते, मग मी काहीपण बोलते. मग सगळे हसतात."

अक्का खापरावरून नजर न काढता म्हणाली, "बाई, तुमनी एक दुपार गयी. मना सात वरीस असा गयात. तिना रोजना साडेपाच तास जातस." मग पोळपाट माझ्यापुढे सरकवला. "यावर लाटा. लहान करा, तव्यावर भाजा. पुरणपोळीच व्हस ती बी."

मी पुरण पुसलं आणि कागद मागितला. सही केली.

तेवढ्यात युवराज रिक्षा लावून जेवायला आला. अक्का त्याला म्हणाली, "भाऊ, औंदा आखाजीनं लुगडं नको मले. सही दे." बहिणीने आखाजीला तोंड उघडून मागितलेल्या गोष्टीला 'नाही' म्हणायची सोय नसते. त्याने कागद घेतला, उलटा केला, सुलटा केला. "नंतर वाचतो," म्हणाला आणि खिशात घालायला लागला.

माझ्यातली बाई एवढ्यानेही शहाणी झाली नव्हती. मी म्हणाले, "अहो, चारच तर ओळी आहेत. वाचा की पटकन."

तो पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलला. "बाई, तेव्हाही तुम्ही असंच म्हणायच्या."

"कधी?"

"पाचवीत. तुमचं पहिलंच वर्ष होतं. मी तुमच्याच वर्गात होतो. वार्षिक परीक्षा आली तशी मी शाळा सोडली." आवाजात राग नव्हता.

मी त्याच्या हातातला कागद घेतला आणि एकेक ओळ सावकाश वाचून दाखवली. त्याने दोन ठिकाणी थांबवून अर्थ विचारला. नीट समजून घेतलं आणि मग सही केली, मन लावून, एकेक अक्षर काढत. मृणालीची तपासणी पुढच्या सोमवारी ठरली. मी रजा टाकून बरोबर जाणार आहे.

त्या दिवशी जेवताना मी सारखी युवराजच्या तोंडाकडे बघत होते. पहिल्या वर्षीचा वर्ग, बाकांच्या रांगा, हजेरी, सगळं डोळ्यांपुढे आणून पाहिलं. मला तो आठवला नाही.