बीपी उतरलं कसं

किस्से घरातल्या रिकाम्या डब्यांसारखे असतात. जमत जातात आणि टाकवत नाहीत. मी मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये सिस्टर आहे, आणि माझ्याकडचे निम्मे डबे छाती लहान करायच्या ऑपरेशनचे.

या ऑपरेशननंतर आमच्या डॉक्टर मॅडमना एकच धास्ती. आत रक्त साचलं की पेशंट पुन्हा थिएटरमध्ये! म्हणून आधी रक्त पातळ करणारं काही घ्यायचं नाही, नंतर हात वर करायचे नाहीत आणि बीपी चढू द्यायचं नाही. सोपं वाटतं ना?

*

घाटकोपरच्या एक बाई. कुठलीच गोळी चालू नाही, असं ठासून सांगितलं. भरती व्हायला आल्या तर लसणाचा वास! रोज उपाशीपोटी कच्चा लसूण आणि वर माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. सांगितलं का नाही, तर म्हणाल्या, "तुम्ही औषधं विचारलीत. हे खाणं आहे."

ऑपरेशन पुढे ढकललं. तेव्हापासून मॅडम विचारतात, उठल्यापासून तोंडात काय काय जातं? परवा एकीने मशेरीपासून सुरुवात केली.

*

एक शिक्षिका डिस्चार्ज घेऊन घरी जाताना देवळात थांबल्या. सवयीने हात घंटेकडे गेला. नवऱ्याने तो हवेतच धरला आणि सोडेचना. पुजारी म्हणाले, देवळात तरी भांडू नका. ड्रेसिंगला आले तेव्हा नवऱ्यानेच हे सांगितलं. टाके झकास होते.

*

आणि अंधेरीची स्नेहा. बँकेत नोकरी, मान-पाठ कायम धरलेली, ब्राच्या पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर खोल चर पडलेले. नवऱ्याला सगळं माहीत होतं. मालवणच्या सासूबाईंना मात्र सांगितलं होतं की मणक्याचं ऑपरेशन आहे.

ऑपरेशन छान झालं. संध्याकाळी सासूबाई पेजेचा डबा घेऊन दारात उभ्या! पाठीला काही नाही आणि पट्टी सगळी पुढे. त्या बघतच राहिल्या. इकडे मॉनिटरवर बीपी चढायला लागलं.

स्नेहा माझा हात धरून पुटपुटली, "सिस्टर, माझी वाट लागली."

मला तिच्या टाक्यांची काळजी. सासूबाईंना म्हटलं, तुम्ही जरा बाहेर बसा. त्यांनी डबा टेबलावर ठेवला.

"तूच जा गो भायर. दार ओढून घे."

मी धावत जाऊन मॅडमना फोन लावला, आणि त्यांनी सांगितलेली गोळी घेऊन परत आले. बघते तर स्नेहा उशीला टेकून पेज पीत होती. डोळे ओले, पण चेहरा हसरा. बीपी जागेवर, पट्टी कोरडी. माझा जीव भांड्यात पडला.

सासूबाई निघाल्या तशी मी मागोमाग गेले. विचारलं, आई, तिला सांगितलंत तरी काय?

त्या खांद्यावरच्या पदराला पिन लावत होत्या.

"सांगूक काय नाय. माझे खांदे दाखवलंय."