उलटी आफ्रिका

कुवेतमधी माझ्याएवढा हाताचा साफ सुतार दुसरा नव्हता. आफ्रिका मात्र मी उलटी कापली.

त्याचं असं झालं. सुलैबियाच्या वर्कशॉपमधी मी कपाटांची दारं करायचो. आमच्याच तालुक्यातल्या एक बाई तिथल्या इंडियन शाळेत इतिहास शिकवायच्या. त्यांना प्रदर्शनासाठी भिंतभर जग पायजे होतं. प्लायचे चार मोठे तुकडे, युरोप, आफ्रिका, हिंदुस्थान, अमेरिका, आणि मधी जहाजांच्या वाटा. बाईंचं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं, आणि ते वाढवायचं का, हे प्रदर्शन बघून ठरणार होतं.

मी विचारलं, "गोरे लोक एवढ्या लांब मरायला कशाला आले?"

"मिरीसाठी, मिस्त्री. मधले व्यापारी भाव चढवायचे, म्हणून सरळ दर्यातून वाट शोधली. आधी व्यापार, मग वखार, मग किल्ला, मग राज्य."

"म्हणजे आमच्या खोलीतल्या पाहुण्यासारखं. दोन दिवस झोपायला आला, आता पंख्याखालची खाट त्याची."

बाई हसल्या. पण आफ्रिकेतनं अमेरिकेला जाणारी वाट त्यांनी काळी रंगवायला सांगितली. त्या जहाजांत माल म्हणून माणसं भरलेली असायची म्हणे. तिथं मला काय जोक सुचला नाय.

आता कापायची आमची रीत अशी, की प्लायची चांगली बाजू खाली ठेवायची आणि खडबडीत बाजूवर आखायचं. मशीनचं पातं वरची बाजू कुरतडतं, खालची गुळगुळीत राहते. बाईंनी दिलेले नकाशाचे कागद मी तसेच मागच्या बाजूला चिकटवले. कपाटाचं दार दोन्हीकडून सारखंच दिसतं. जगाचं तसं नसतं, हे मला कोण सांगणार?

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी शाळेत जाऊन चारी तुकडे गुळगुळीत बाजू पुढं करून भिंतीवर स्क्रूनं बसवले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिन्सिपल बघायला येणार होते. बाई आल्या, बघितलं आणि बाकावर बसल्या. मला वाटलं, आरामात बघायला बसल्या.

"मिस्त्री, आफ्रिकेचा फुगवटा आपल्याकडे कसा आला? आणि आपलं कोकण बंगालच्या बाजूला का गेलंय?"

मी नीट बघितलं. चाळीस वर्षांचा घोडा, स्वतःचा किनारा ओळखला नव्हता.

बाई म्हणाल्या, "परवा माझा निकाल लागायचाय हो."

मी घाईनं स्क्रू काढले, तुकडा उलटा धरला. मागून जग बरोबर होतं! आकार तोच, फक्त तोंड भिंतीकडे होतं. कागद भिजवून खरवडले, खडबडीत बाजूला पुट्टी मारली, रंग मारला आणि चारी खंडं शाळेच्या अंगणात वाळत टाकली. कुवेतच्या उन्हाला मी रोज शिव्या द्यायचो. त्या दिवशी हात जोडले. संध्याकाळच्या आत कोकण आपल्या जागेवर आलं.

प्रिन्सिपलनी सकाळी काळ्या वाटेपाशी बराच वेळ उभं राहून बघितलं. दुसऱ्या दिवशी बाईंचा वर्कशॉपवर फोन आला. दोन वर्षं वाढवून मिळाली होती. माझ्या छातीवरनं कपाट उतरलं.

मी म्हटलं, "बघा बाई, शेवटी माझ्यामुळंच झालं!"

"तुमच्यामुळं मी घरी जाणार होते," बाई म्हणाल्या. "ठेवा फोन, मला तास आहे."