फलकावरची मराठी

रोज सकाळी अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या तळ्याभोवती फिरताना कुणी ना कुणी विचारायचंच, "हाउ आर यू, रत्ना?" आणि रोज देवदत्त गुप्ते बायकोच्या वतीनं उत्तर द्यायचे, "शी इज फाइन." रत्नाकाकूंचं तोंड उघडेपर्यंत विचारणारा पुढच्या वळणावर पोचलेला असे.

मोटारींचे ब्रेक तपासण्यात हयात घालवून निवृत्त झालेल्या देवदत्तकाकांची दैवतं दोनच, मराठी भाषा आणि अमेरिकेचा कायदा. गावच्या मराठी मंडळाच्या दर कार्यक्रमात ते माइक धरून गर्जत, "सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलनं रुग्णाला त्याच्या भाषेतला दुभाषी द्यायलाच हवा. फुकट!" इथे जन्मलेली पोरंसुद्धा टाळ्या वाजवत, त्यांना 'फुकट' तेवढं कळे.

गावातल्या हॉस्पिटलच्या काउंटरवर या सोयीचा फलक होता. त्यावर गुजराती होती, तेलुगू होती, मराठी नव्हती. काकांची झोप उडाली. मेल पाठवून, सह्या गोळा करून त्यांनी मराठीची ओळ घालून घेतली आणि तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढला.

"काका, पण आपल्यातलं हे वापरणार कोण?" मंडळातल्या सुचित्रानं विचारलं.

"वापरायचंय कशाला? आपल्या सगळ्यांना इंग्लिश येतं. प्रश्न मानाचा आहे!"

काकूंना इंग्रजी कळायचं. पण त्यांनी वाक्य जुळवेपर्यंत काकांचं संपलेलं असे. डॉक्टरकडेही तेच. "जिना चढताना छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं," असं त्या सांगत आणि काका इंग्रजीत म्हणत, "लिटल टायर्ड. एज." निम्मं दुखणं भाषांतरातच बरं व्हायचं, उरलेल्यावर व्हिटॅमिनच्या गोळ्या.

मग एके दिवशी काकू कपड्यांची टोपली घेऊन जिन्याच्या मध्यावरच बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या काउंटरवर काका बोलायला सुरुवात करणार, तोच काकूंनी फलकावरच्या मराठी ओळीवर बोट ठेवलं.

"मी आहे ना! आय विल ट्रान्सलेट."

नर्स गोड हसली. बाईंनी दुभाषी मागितला आहे, तेव्हा नवऱ्यावर काम भागवणं कायद्यात बसत नाही, म्हणाली. काकांना तो कायदा तोंडपाठ होता. म्हणूनच तर जास्त चरफडले.

चाकांच्या स्टँडवरून व्हिडिओ कॉलचा एक पडदा आला. पडद्यावर एक तरुण मुलगी. "नमस्कार काकू, मी रुचा, तुमची दुभाषी. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं मी डॉक्टरांना सांगेन."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रुचानं मराठीत विचारलं, आणि काकू बोलू लागल्या. छातीवरचं ओझं. डाव्या हातात उतरणारी कळ. रात्री उशा रचून झोपणं.

"केव्हापासून?"

"दीड वर्ष झालं असेल."

"दीड वर्ष!" काका उसळले. "मला कधी बोलली नाहीस?"

"तुम्हालाच सांगत होते. पुढं जात नव्हतं."

"उगाच वाढवून सांगतेय ही," काका पुटपुटले.

रुचानं तेही इमानेइतबारे इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून काकांकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच काकांच्या बोलण्याचं कुणी भाषांतर केलं होतं, आणि त्यात एक शब्दही गळला नव्हता.

ईसीजी निघाला. तो पाहून डॉक्टरीणबाईंचा आवाज खाली आला. हृदयाच्या नसा तुंबल्याची शंका आहे, आठवड्याच्या आत अँजिओग्राफी करायला हवी. आणखी काही महिने गेले असते तर... रुचानं तेही सांगितलं. काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"तुमची तयारी आहे का, असं डॉक्टर विचारतायत, काकू."

काकांचं तोंड सवयीनं उघडलं आणि तसंच मिटलं.

"करा म्हणावं," काकू म्हणाल्या. "गुरुवार सोडून. गुरुवारी माणसं जेवायला आहेत, बिरड्याचे वाल भिजत घातलेत."

शुक्रवार ठरला. डॉक्टरीणबाई काकांकडे वळल्या.

"काका, तुम्हाला काही विचारायचंय का, असं म्हणतायत," रुचा म्हणाली.

काकांनी घसा खाकरला. डॉक्टरीणबाईंकडे न बघता ते पडद्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "त्या दिवशी गाडी कुठल्या दाराशी लावू, तेवढं विचार गं त्यांना."